नजर थोडी बाजूला

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, दिवसा चष्म्याचं दुकान चालवायचे आणि दिवेलागण झाली की गच्चीवर लोकांना आभाळ दाखवायचे. ताई म्हणायची, "दिवसभर जवळचं दाखवतात, संध्याकाळी लांबचं. मधलं सगळं मलाच बघावं लागतं." गल्लीत त्यांना 'तारेवाले' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. ते भाऊजींना कळलं तेव्हा स्वारी इतकी खूश झाली की दुकानाच्या पाटीवरच रंगवून घ्यायला निघाली होती. ताईने थांबवलं म्हणून बरं.

दुर्बीण होती त्यांच्याकडे, पण पहिला धडा दुर्बिणीशिवाय. "तो अंधुक ठिपका दिसतोय का? ती देवयानी दीर्घिका. अब्जावधी तारे आहेत त्या ठिपक्यात. तिथून निघालेला उजेड पंचवीस लाख वर्षं चालत आलाय, आणि तुम्ही म्हणता दिसत नाही!" लोक डोळे फाडफाडून बघायचे, पण छे. मग भाऊजी हळूच सांगायचे, "अहो, तिच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार, अंधारात अगदी ढ. अंधुक उजेड टिपायचं काम कडेचं." आणि खरंच, नजर थोडी बाजूला नेली की तो ठिपका उमटायचा. सरळ बघायला जावं तर गायब. "भारीच नखरेल आहे हो तुमची देवयानी," मी म्हटलं होतं. ताई म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते इथे, गच्चीवर. म्हणे इकडे बघ, म्हणजे तिकडचं दिसेल. म्हटलं, झालं, वेड्याच्या गळ्यात पडले!"

ताई दुकानात असायची. गिऱ्हाईकापुढे आरसा धरायचं काम तिचं. "ही फ्रेम काढा बघू, यात तुम्ही रुसल्यासारखे दिसता," असं तोंडावर सांगायची. लोक ऐकायचेही, कारण बाई स्वतः देखणी. मी तिची सख्खी बहीण आहे हे लोकांना दोनदा सांगावं लागायचं.

त्या ताईच्या जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून एका बाजूचा जबडाच काढला. घरी आली तेव्हा अर्धा चेहरा आत गेलेला, ओठ खाली ओढलेले. घरातले सगळे आरसे तिने मला उतरवायला लावले. बोलणं अडखळत व्हायचं, पण मला कळायचं. दुखणं काही थांबलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. भाऊजींनी दुकान बंद केलं. लोक म्हणाले, बायकोसाठी केलं हो, नवरा असावा तर असा.

मी तिथे राहायला गेले आणि बघते तर काय, हा माणूस तिच्याकडे बघतच नाही! भरवतील, अंग पुसतील, केस विंचरतील, तासन् तास शेजारी बसतील, पण नजर मात्र उशीच्या पलीकडे, खिडकीवर. एकदा ते औषध आणायला बाहेर गेले तेव्हा ताई म्हणाली, "किळस येते गं त्यांना माझी. त्यांची चूक नाही. पण मी जायच्या आधी त्यांनी एकदा सरळ माझ्याकडे बघावं. बाकी काही नको मला."

माझं डोकंच फिरलं. भाऊजी जिन्यात भेटले, तिथेच त्यांना धरलं. "अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सगळं आभाळ बघून झालं आणि बायकोचं तोंड बघवत नाही?"

ते पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. "खिडकीकडे बघितलं तरच ती दिसते गं मला," म्हणाले.

दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. सरळ बघितलं की समोर करडा डाग, दिसायचं ते कडेने, तेही धूसर. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर त्यांचं त्यांनाच आधी कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. दुकान त्यासाठी बंद केलं होतं. जन्मभर गच्चीवर जे शिकवलं, ते आता घरात करत होते.

"तिचा गेलेला जबडासुद्धा मला धड दिसत नाही," ते म्हणाले. "कपाळ दिसतं, केस दिसतात. ती आहे एवढं दिसतं."

"मग सांगा की तिला!"

"काय सांगू? माझ्यामागे या आंधळ्याला कोण बघेल, हा घोर घेऊन जाऊ दे तिला? किळस येते असं वाटतंय ना, वाटू दे. माझ्यावर रागावून गेली तर चालेल. तिला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी तिथेच रडत बसले. रडता रडता त्यांना महामूर्खही म्हटलं.

पुढे ताई खचत गेली. एका दुपारी भाऊजी खोलीत असतानाच मला म्हणाली, "पलंग खिडकीपाशी सरकव. ते तिथेच बघतात ना? मग मीच जाते तिथे." आणि चेहऱ्याच्या उरलेल्या अर्ध्या बाजूने हसली.

मी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, "सरकवू या." आम्ही दोघांनी पलंग ढकलला. खुर्ची त्यांनी पलंगाजवळ ओढली, तोंड खिडकीकडेच ठेवलं आणि बसले.

आता ताई बरोबर त्यांच्या नजरेसमोर होती. मला वाटलं, नजर थोडी दाराकडे नेतील, म्हणजे त्यांना ती दिसेल. नाही नेली. त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"दिसते का मी?" ताईने विचारलं.

"दिसतेस."

"कशी?"

"आरसा धरून उभी राहायचीस ना, तश्शी."

"खोटारडे," ती म्हणाली. पण तिने त्यांचा हात घट्ट धरला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, भाऊजी, बघून घ्या हो तिला, वेळ जातोय! पण शपथ घातलेली. ऊन भिंतीवर चढत गेलं, ताईचा श्वास लांबत गेला, आणि हा माणूस डोळे न हलवता त्या करड्या डागाकडे बघत बसला.

मग तिचा हात सैल पडला. मी जवळ जाऊन बघितलं. तिचे डोळे मिटवले.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताई गेली. आता बाजूला बघा."

त्यांनी नजर हळूहळू दाराकडे वळवली, आणि मग ते रडायला लागले.