तळमजल्यापासून दुरुस्ती

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की बाकीचे मेकॅनिक धापा टाकत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पळायचे. हे मात्र खाली उभं राहून आधी जिन्यातला दिवा लावून बघायचे, इमारतीत वीज तरी आहे ना. वीज असली की पहिला मजला, मग दुसरा, असं एकेक करत वर. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती ठीक आहे अशी खात्री पटल्याशिवाय पुढच्या गोष्टीला हात लावायचा नाही. सोबतच्यांनी त्यांचं नाव 'तळमजला' ठेवलं होतं आणि तोंडावरही त्याच नावाने हाक मारायचे. सासऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट फोन घेताना तेच कधीकधी म्हणायचे, "हां, तळमजला बोलतोय."

माझा स्वभाव बरोबर उलटा. मिक्सर बंद पडला की मी आधी त्याला एक चापट मारते. त्यामुळे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरची दुरुस्ती सासऱ्यांनी हातात घेतली, तेव्हा माझ्या सहनशक्तीची परीक्षाच सुरू झाली.

तो कॉम्प्युटर एरवी मी केव्हाच भंगारात दिला असता. पण त्यात सासूबाईंचा आवाज अडकला होता.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. रडणारे, घाबरलेले, अर्धवट बोलणारे लोक फोन करायचे आणि या दोन शब्दांत त्यांना नेमकं काय हवंय ते काढून घ्यायच्या. घरीही तोंड तसंच चालायचं. सासरे दिवसभरात जितकं बोलत, तितकं त्या चहा गाळता गाळता बोलून टाकायच्या. मग त्यांना झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, तो हळूहळू सुधारला. काठी घेऊन चालायला लागल्या. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "तेच". पाणी हवं असलं तरी "तेच", पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी "तेच", आणि माझा नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकायचा तेव्हा तर असं "तेच!" यायचं की तो मुकाट्याने उचलायचा.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्याला एकदा यायच्या. त्यांनी सरावासाठी एक प्रोग्रॅम दिला होता. पडद्यावर चित्र यायचं, एक गोड आवाज शब्द म्हणायचा आणि सासूबाईंनी तो मागोमाग म्हणायचा. "सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे आहेत," बाईंनी सांगितलं होतं. "रोज सराव झाला पाहिजे. मागे उभं राहून बघू मात्र नका, त्यांना संकोच वाटतो." प्रोग्रॅम इतका जुना होता की माझ्या लॅपटॉपने त्याला दारातही उभं केलं नाही. आमच्या म्हाताऱ्याने मात्र घरातलाच माणूस आल्यासारखं सामावून घेतलं.

आणि नेमका तोच दगा द्यायला लागला. सासूबाई सरावाला बसायच्या, थोडा वेळ ठीक जायचा आणि अचानक पडदा काळा. मग बीप, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. कधी बसल्याबसल्या व्हायचं, कधी तासभर काही नाही. एकदा नुसता निळा पडदा आला आणि त्यावर पांढरी अक्षरं, वाचून कुणाचं भलं होईल अशी ती नव्हती.

सासरे हे सगळं बघत होते. घरातली शांतता त्यांना सोसवत नव्हती. एकदा भाजी निवडताना मला म्हणाले, "अगं, हिने मला चाळीस वर्षं एक वाक्य पुरं बोलू दिलं नाही. आता माझी वाक्यं पुरी होतात गं. करमत नाही." एवढं बोलून ते उठले, कपाटातून 'काम चालू आहे' ही पाटी काढली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला अडकवली. निवृत्त होताना ऑफिसने त्यांना शाल दिली होती. ही पाटी त्यांनी स्वतःहून उचलून आणलेली.

तळमजला म्हणजे भिंतीतला प्लग. तिथे त्यांनी टेबललॅम्प लावून ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. दिवा लुकलुकतोय का, हे बघायला. मी येता-जाता विचारायची, "बाबा, काही दिसलं का?" ते म्हणायचे, "दिवा दिसला." मग वायर. मग फ्रिज सुरू होताना काही होतंय का. या सगळ्यात सरावाचे दिवस चाललेले, म्हणून माझा जीव वरखाली.

माझ्या नवऱ्यालाही राहवलं नाही. वडील आंघोळीला गेलेले बघून त्याने कॉम्प्युटर उघडला, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने पुसल्या आणि परत बसवल्या. शिवाय वायर बदलली आणि वर एक जुना प्रोग्रॅमही काढून टाकला. मग कॉम्प्युटर अख्खी दुपार चालला. नवरा छाती फुगवून फिरत होता. संध्याकाळी पडदा पुन्हा काळा झाला आणि सासरे चिडले. त्यांना चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तीन गोष्टी एकदम केल्यास! आता सुधारलं ते कशाने आणि बिघडलं ते कशाने, सांग बघू मला!"

पाटीवर सासऱ्यांनी खडूने आणखी एक ओळ लिहिली: 'मुलाने हात लावू नये.'

पुढचे मजले त्यांनी एकट्याने चढले. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं तर आत धुळीची गोधडीच पांघरलेली. ती त्यांनी रंगाच्या ब्रशने झाडली. मधल्या पंख्याखालचा, उष्णता बाहेर काढणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता, तो खरवडून नवा लावला. वीज देणाऱ्या खोक्याच्या आत, बॅटरीचा उजेड पाडून डोकावल्यावर, बारक्या नळकांड्यांची डोकी फुगलेली दिसली. "ही बघ, यांना आता भार सोसत नाही," मला बोलावून त्यांनी दाखवलं. खोकं घेऊन ते दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, कॉम्प्युटर बदला." सासरे म्हणाले, "खोकं बदला." त्या दोघांची बरीच हुज्जत झाली आणि शेवटी अडगळीतून तसलंच एक धडधाकट खोकं निघालं.

ते बसवलं आणि डबा टेबलावरून काढून टेबलाखाली, डाव्या बाजूला, मोकळ्या हवेत ठेवला. दिवसभर कॉम्प्युटरवर जुने फोटो एकामागोमाग एक फिरत राहिले. एकदाही पडदा काळा झाला नाही. सासऱ्यांनी पाटी उतरवली. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंकडे बघितलं तर त्या नुसत्या "तेच" म्हणाल्या, आणि तेही पडक्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरावाला बसल्या. सासरे आणि मी स्वयंपाकघरात कान लावून. "हा आहे कप. म्हणा पाहू, कप," प्रोग्रॅममधली गोड मुलगी म्हणाली. सासूबाई गप्प. "शाब्बास! किती छान!" मुलगी म्हणाली. तिला ऐकू थोडंच येत होतं. काही म्हटलं काय, न म्हटलं काय, ती सगळ्यांना शाब्बासकीच द्यायची. "हा आहे चेंडू." आणि तिचा आवाज मध्येच तुटला.

सासरे हातातली सुरी तशीच टाकून धावले. पडदा बंद होत होता. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि परत आले.

पुढचे दोन-तीन दिवस हेच. सराव सुरू केला की बंद. एरवी काही नाही. मी हात टेकले. "बाबा, आता पुरे. बाईंना सांगू, दुसरं काहीतरी द्या म्हणून."

"थांब गं," ते म्हणाले. "आधी तो मध्येच मरायचा आणि आपोआप परत उठायचा. आता तसं होत नाही. आता पडद्यावर 'बंद होत आहे' असं येतं आणि मग बंद होतो. बिघडलेलं मशीन असं सांगून-सवरून जात नसतं. त्याला कुणीतरी जा म्हणतंय."

"कोण म्हणणार?"

"तेच बघायचंय. लिफ्टचा बिघाड बाहेरून सापडला नाही, तर मी आत बसून वरखाली करायचो. आता आत बसतो."

आत म्हणजे टेबलाखाली. टेबलावरचा कपडा चांगला लांब होता. सासूबाई आंघोळ करून यायच्या आत सासरे बॅटरी घेऊन तिथे शिरले, गुडघे पोटाशी घेऊन. त्या वयात असं काही बघवतही नव्हतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी सासूबाईंना धरून आणलं, खुर्चीत बसवलं, प्रोग्रॅम लावून दिला आणि दाराआड जाऊन उभी राहिले.

"हा आहे कप. म्हणा पाहू, कप."

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. एकेकाळी हॉस्पिटलातले मोठमोठे डॉक्टर ज्यांच्यापुढे नीट वाक्य जुळवून बोलायचे, त्या बाई.

"शाब्बास! किती छान!"

सासूबाईंचा चेहरा आंबट झाला. मग त्यांनी डाव्या पायातली सपात हळूच काढली. अंगठा कपड्याखाली गेला, जरा चाचपडला आणि थांबला. पडद्यावर 'बंद होत आहे' आलं. सासूबाई खुर्चीला रेलून स्वस्थ बसल्या.

म्हणजे कॉम्प्युटर खरा बिघडलेला होता तोवर त्यांचं आपोआप भागत होतं. सासऱ्यांनी तो सुधारला, आणि वर त्याचं बटण नेमकं त्यांच्या धडक्या पायापाशी आणून ठेवलं.

टेबलाखालून आरोळी आली. "सापडला! फॉल्ट सापडला!" आणि लगेच धाड! एवढ्या जोरात की टेबलावरचा पेन खाली घरंगळला. सासरे उठायला गेले होते आणि टेबल काही उठलं नव्हतं.

सासूबाई दचकल्या. कपडा बाजूला सारून त्या वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "लागलं का?"

मी दाराआडून पुढे आले ती तिथेच थबकले. त्यांनी स्वतःही तोंडावर हात ठेवला होता. सरावातला शब्द नव्हता तो. मागोमाग म्हटलेलाही नव्हता. आपणहून आलेला, अख्खा, पहिल्यासारखा.

सासरे टेबलाखालून रांगत बाहेर आले. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. या माणसाचं बोट एकदा लिफ्टच्या दारात चिरडलं होतं आणि तो घरी येऊन "थोडं खरचटलंय" म्हणाला होता. माझ्या माहितीत त्यांनी कधी दुखतंय असं कुणाला सांगितलेलं नाही. ते जमिनीवरच बसले, सासूबाईंच्या खुर्चीला पाठ न लावता, तोंड त्यांच्याकडे करून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "खूप लागलं गं."

मग ते वाट बघत बसले.

सासूबाईंनी ओठ हलवले. एकदा काहीच आलं नाही. त्यांनी डावा हात पुढे केला, सासऱ्यांच्या केसांत घातला आणि पुन्हा प्रयत्न केला.

"कुठं?" त्यांनी विचारलं.