मुलीच्या नावापुढचा रकाना

दीड वर्ष झालं तरी माझा रिफंड आला नव्हता. मी मुरुडजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. आम्हा दहा-बारा जणांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न आमच्याच शाळेतले गणिताचे सर भरायचे. पैसे घेत नसत. दिवाळीला आम्ही मिठाईचा पुडा द्यायचो, तेवढंच. मोबाईलवर ओटीपी आला की मी तो त्यांना वाचून दाखवायची आणि विसरून जायची. रिफंडचं विचारलं की ते म्हणत, येईल मॅडम, वर काम साचलंय. पुढे पुढे मलाच विचारायची लाज वाटायला लागली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बाजारातल्या ई-सेवा केंद्रात गेले.

केंद्र चालवणाऱ्या बाईंनी माझा पॅन नंबर टाकला, पासवर्ड बदलून घेतला आणि रिटर्न उघडलं. थोडा वेळ त्या नुसत्या वाचत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मुलीचा दाखला आहे का?"

"कसला दाखला?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अवलंबून असलेली व्यक्ती, मुलगी. अपंगत्व, तीव्र. पुढे वजावटीची रक्कम. आयकर खात्याने त्या दाखल्याची प्रत दोनदा मागवली होती. दोन्ही पत्रं सरांच्या ईमेलवर गेली होती, कारण नोंदणी करताना त्यांनी स्वतःचाच ईमेल घातला होता. उत्तराची मुदत केव्हाच संपली होती.

माझी मुलगी पनवेलला इंजिनीअरिंगला आहे. रोज सकाळी मैदानावर पळते. हे मला माहीत असूनही मी केंद्राच्या पायरीवर उभी राहून आधी तिला फोन लावला. ती कुजबुजली, "आई, लेक्चर चालूये." मी म्हटलं, काही नाही, सहज. फोन ठेवला. सरकारच्या कागदावर कुणीतरी तिचे हातपाय काढून घेतल्यासारखं मला वाटत होतं, आणि ते माझ्या ओटीपीने झालं होतं.

घरी मी कुणालाच सांगितलं नाही. नवरा वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होता, मी त्याला चहा नेऊन दिला आणि तशीच परत आले. तीन दिवस मी जेवले ते नुसतं ताटावर बसायचं म्हणून. फाटकाशी पोस्टमनची सायकल थांबली की मी आतल्या खोलीत जायची. अनोळखी नंबरचा फोन आला तर उचलायची नाही. एकदा उचलला, तर गॅस एजन्सीचा माणूस सिलिंडर कधी पाठवू म्हणून विचारत होता. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, पेपरात शाळेचं नाव येईल, असं एकामागून एक डोक्यात यायचं. आणि त्या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट टोचत होती. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला चालता येत नसे. तसल्याच दाखल्यासाठी तिची आई रोजगार बुडवून सरकारी दवाखान्यात कितीतरी खेपा घालत होती. तिच्या अर्जावर वर्गशिक्षक म्हणून सही मीच केली होती.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. त्यांनी नाकारलं नाही.

"सगळ्यांचंच असं काही ना काही दाखवतो मॅडम," ते म्हणाले. "कुणाचे आईवडील, कुणाची देणगी. आजवर कुणी विचारलं नाही. तुमचे चार पैसे वाचावेत म्हणूनच केलं."

"पण माझ्या मुलीचं नाव?"

त्यांच्या हातातला खडू मोडला आणि दोन्ही तुकडे त्यांनी खिशात टाकले. मग हळूच म्हणाले, स्टाफरूममध्ये बोलू नका. तेव्हा मला कळलं की हा माणूसही घाबरलाय, ती पत्रं वाचल्या दिवसापासून घाबरलाय. त्याने माझी भीती कमी झाली नाही, दुप्पट झाली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "उद्या रजा टाक. अलिबागला जाऊ." रेवदंड्याचा पूल ओलांडताना एसटीत त्याने माझा हात धरला होता. लग्नाला तेवीस वर्षं झाली, चारचौघांत त्याने असा हात कधी धरला नव्हता.

अलिबागच्या सीए बाई वयस्क होत्या. सगळं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"न वाचता ओटीपी दिलात?"

मी हो म्हटलं.

"रिटर्न तुमचं आहे. त्यात जे आहे ते तुम्हीच सांगितलंय, असंच खातं धरणार."

मी तुरुंगाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वजावट खोटी होती हे आपण स्वतःहून लिहून देऊ, निघेल तो कर व्याजासकट भरू. दंड लागणार नाही असं वचन मी देणार नाही. त्यांनी मजकूर तयार केला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. 'माझी मुलगी निरोगी आहे' या वाक्याशी मी थांबले आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिथेच ओटीपी आला. या वेळी मी तीन पानं शेवटपर्यंत वाचली आणि मगच आकडे टाकले.

आधीच्या वर्षाच्या रिटर्नमध्येही तीच वजावट निघाली. तो रिफंड आला होता आणि खर्चही झाला होता. तेवढ्यासाठी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. मग निकालासाठी आठ महिने वाट पाहिली. मधे दंड का लावू नये असं विचारणारं एक पत्र आलं, ते मिळाल्यावर मी दोन दिवस शाळेत गेले नाही. त्याला उत्तर दिलं. शेवटी प्रकरण बंद केल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. ते मी सीए बाईंना फोनवर दोनदा वाचून दाखवलं, मला चुकीचं तर कळलं नाही ना म्हणून.

मग मी स्टाफरूममध्ये सगळं सांगितलं. कुणी मान वर केली नाही. दोन आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं होतं. पुढे एकेक जण मला बाजूला घेऊन सीए बाईंचा पत्ता विचारू लागला, प्रत्येकाचा चेहरा पांढरा पडलेला.

गणिताचे सर सर्वांत शेवटी आले. शाळा सुटली होती, मी कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी दारातूनच विचारलं, "मलाही द्याल का नंबर?" मी पर्स उघडली आणि कागदावर लिहून दिला. तो नीट वाचून त्यांनी घडी केली, आणि त्या बाई घेतील ना माझं काम, असं मला विचारलं. मी कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.