दादा, दाजी आणि कॅनभर तेल

माझा मोठा भाऊ गेला. दादा. तेलाच्या विहिरीवर पंप चालवायचा, सगळं आयुष्य तिथंच काढलं. घरी आला की आधी तेलाचा वास यायचा, मग हसणं, मग दादा दिसायचा. अजून दार वाजलं की मी नाक वर करते.

लोक त्याला एकच विचारायचे, तेल आपल्याकडं निघतं तर बाहेरून कशाला आणता? सगळ्यात जास्त विचारायचे आमचे हे. यांचा टेम्पो, त्याच्यावरच आमचं घर.

एकदा बाहेरचं जहाज आलंच नाही. डिझेल मिळेना, टेम्पो दारात उभा. हे नुसते धुसफुसत होते. भर दुपारी उठून गेले आणि विहिरीजवळच्या खड्ड्यातून कॅनभर काळं तेल घेऊन आले. म्हणे फडक्यानं गाळून टाकीत ओततो. इंजिन बसलं तर खायचं काय? मी दादाला फोन लावला.

दादा सायकलवर धापा टाकत आला. म्हणाला, "ओता की दाजी. पण आधी चहा पाजा."

माझी वाटी घेतली, त्यात ते तेल ओतलं आणि गार पाण्याच्या पातेल्यात ठेवली.

"अरे, माझी चांगली वाटी!"

"नवी आणून देतो, ओरडू नको."

चहा झाल्यावर दादानं वाटी उपडी केली. थेंब पडला नाही. मेणासारखं घट्ट.

"टाकीत कशाला घालता? बुटाला लावा, चमकतील."

"मग काय उपयोग तुमच्या विहिरीचा?"

"अहो, आपला डिझेल बनवायचा कारखाना पातळ तेलासाठी बांधलाय. हे त्याला पचत नाही. म्हणून हे गरम करून जहाजात भरायचं, ज्यांना पचतं त्यांना विकायचं, आणि तिकडून तयार डिझेल आणायचं."

"मग पचेल असा कारखाना बांधा की!"

"आम्ही कधीचे ओरडतोय. ऐकतंय कोण?"

चुकलो म्हणणं यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "कॅन परत टाकून यायला सायकल लागेल."

दोघं निघाले. दादा पुढं, हे मागं कॅन मांडीवर घेऊन.

"दाजी, सांडतंय माझ्या पाठीवर!"

"तुमचंच तेल आहे, सहन करा!"

मी दारात पोट धरून हसत होते.

डिझेल आलं तशी टेम्पोची पहिली फेरी यांनी दादाचीच केली. शेजारी बसवून, विहिरीपर्यंत हॉर्न वाजवत.