वैशूच्या भट्टीची हवा

आपली फजिती आपल्या तोंडानं सांगू नये. पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या, ऐका.

चाळीस वर्षं फौंड्रीत भट्टी सांभाळली. शाळा चौथीपर्यंत. पण नुसता रंग बघून सांगायचो, लोखंड ओतायला झालं की नाही. उष्णतेचे मीटर नंतर आले. तेही मला विचारून आकडा दाखवायचे म्हणा ना!

माझी नात वैशू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्या दिवशी दुपारी परीक्षक तिचं यंत्र बघायला येणार होते. ते चाललं नाही तर वर्ष वाया. यंत्र जड, म्हणून राजारामपुरीतून रिक्षात घालून कॉलेजात न्यायला मी.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं ते मांडलं. यंत्र म्हणजे जाड काचेची उभी नळी. आत लोहखनिजाची भुकटी, मधोमध विजेवर तापणारी कॉइल, खालून हवा, खाली-वर उष्णतेचे दोन मीटर.

"आबा, खऱ्या भट्टीत हवेच्या जागी गॅस सोडत्यात, त्यानं भुकटीचं लोखंड हुतं. मी फक्त उष्णता कशी पसरती ते दाखवणार हाय. चालू ठेवलंय. रिपोर्ट घेऊन येते. कशाला हात लावू नगासा."

"भट्टीचं मला सांगतीस व्हय?"

ती गेली. मी बघत बसलो. आणि काय बघतो? भुकटी रटरटा उकळतेय! आमच्या भट्टीत माल असा नाचला तर समजायचं, वारं जास्त झालं, आता माल उडणार. मीटर बघितले. खाली जेवढा आकडा, वरही तेवढाच! भट्टी खालून वरपर्यंत एकसारखी तापलेली कुणी बघितलीय? म्हणजे मीटरही खोटे.

मी हवेच्या कॉकला हात घातला. दारातला शिपाई ओरडला, "ओ पावणं! हात लावू नका की!"

"चाळीस वर्षं भट्टी केलीया मी. तू किती केलीस?"

"मी चहा करतोय."

"मग चहा कर जा."

कॉक बंद केला. भुकटी गपगार बसली. "बघ, ऐकली का न्हाय?" मी म्हटलं.

तेवढ्यात नळीत लालभडक दिसलं. मग फट्ट! मग वास.

वैशू आली. तिनं कॉक बघितला. मग मला बघितलं.

"आबा, हवा कुणी बंद केली?"

मी शिपायाकडं बघितलं. तो चहा गाळत होता.

"उकळणारी भुकटीच कॉइलची उष्णता घेऊन सगळीकडं वाटत हुती. म्हणून दोन्ही मीटर सारखे. तुम्ही तिला बसवलंसा, उष्णता कॉइलपाशीच अडकली. जळली कॉइल."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पिशवीत जादा कॉइल होती, म्हणून वाचलो. भुकटी निवल्यावर मीच बसवली.

परीक्षक आले. यंत्र चाललं. त्यांनी विचारलं, "मध्येच हवा थांबली तर?"

वैशूनं जळकी कॉइल टेबलावर ठेवली. "असं होतं, सर."

"वा! जाळून बघितलीस?"

"मी न्हाय सर. आमच्या आबांनी."

"आजोबा, भट्टीचा अनुभव दिसतोय!"

"चाळीस वर्षं," मी ताठ बसून सांगितलं.

वैशू पास झाली. महिन्यानं यंत्र परत आणायला गेलो. कॉकवर कागद चिकटवला होता. वाचण्यापुरती चौथी कामाला आली.

'अनुभवी माणसांनी हात लावू नये.'