आबांच्या फोनची अक्षरं

माझी भावजय माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि मी तिच्यावर जळत होते. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा मी त्याला आबांची काळजी म्हणत होते.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. किराणा, कापड, भांडी, दवाखाने. राजस्थानातून आलेले कापसाचे व्यापारी मुद्दाम त्यांच्याकडे यायचे, कारण आबांचं अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता यायचं. फ्लेक्स आले आणि काम संपलं, ते त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू झाला. उजव्या डोळ्यातलं मधलं दिसेनासं झालं, मग हळूहळू डाव्यातलंही धूसर व्हायला लागलं. "समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," असं ते डॉक्टरांना म्हणाले होते.

मी जळगावात राहते आणि धरणगावच्या एका शाळेत क्लार्क आहे. आबा धुळ्यात भावाकडे असतात. डोळ्यांचं कळल्यावर मी त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा साधा फोन घेऊन गेले. आबांनी तो हातात घेतला, बटणं चाचपली, "छान आहे" म्हणाले आणि डब्यात ठेवून दिला. त्यांना त्यांचा टचस्क्रीनचाच हवा होता. त्यावर त्यांचे जुने पेंटर मित्र एकमेकांना गावोगावच्या पाट्यांचे फोटो पाठवायचे आणि खाली काहीबाही लिहायचे. ते वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर आबा खिडकीपाशी बसून फोन किंचित तिरका धरून वाचत होते. मीच सकाळी पाठवलेला मेसेज त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. "अकराच्या गाडीने निघते. एरंडोलला थांबणार नाही." फोनवरची अक्षरं सुपारीएवढी होती.

"कोणी केलं हे?"

"सूनबाईनं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला ते लगेच ओळखू आलं, कारण लहानपणी ते माझ्या वाट्याचं होतं.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून आबांबरोबर पाट्यांवर जायची. भावाला त्यात कधी गोडी नव्हती. खडूची दोरी एका टोकाला मी धरायची, दुसऱ्या टोकाला आबा, आणि मधे ते टिचकी मारायचे की फळीवर सरळ रेघ उमटायची. पाटी झाली की मला रस्ता ओलांडायला लावायचे. "अक्का, तिथून वाच. काय दिसतंय सांग." मी पलीकडून ओरडून वाचायची. ज्या अक्षराशी अडखळले ते अक्षर आबा पुसून पुन्हा काढायचे. एवढ्याशा पोरीच्या सांगण्यावरून पाटी बदलतो म्हणून दुकानदार हसायचे.

त्या दुपारी मी भावजयीला आणि आबांना बघत बसले. ती खाटेवर त्यांच्या शेजारी होती. तिनं मला सगळं समजावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. नुसता फॉन्ट मोठा केला तर अक्षरं वाढतात, पण बटणं आणि चित्रं तेवढीच राहतात. म्हणून डिस्प्ले साइज वाढवायची. तीही शेवटपर्यंत वाढवून पुरेना, तेव्हा तिनं कुठूनतरी शिकून फोनमधलं ते लपलेलं पान उघडलं, ज्यात पडद्याच्या रुंदीचा आकडा आपल्या हातानं घालता येतो.

"पण आबांना मोठं केलं की चालतं असं नाही ना," ती हसत म्हणाली. "वरची मात्रा कापली जाते म्हणतात."

"जाते म्हणजे? जातेच," आबा म्हणाले. "रफार पार छताला टेकला होता. अक्षराला वर जागा नको का?" मग फोन तिच्या दिशेनं धरून म्हणाले, "तू जरा लांबून बघ. तिथून वाच."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वाचलं.

मी चहाचे कप उचलून आत गेले. कप धुवायला इतका वेळ लागत नाही, पण मी नळ सोडून उभी राहिले. त्या मुलीनं वाईट काय केलं होतं? काहीच नाही. तरी जळगावला परत येताना पारोळ्यापर्यंत मी तिच्यातली खोटच शोधत होते. फार बोलते. पुढे पुढे करते. आबांना म्हाताऱ्यासारखं वागवते. एकही धड सापडली नाही म्हणून आणखी चिडले.

शाळेत संगणक शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्याकडून मी ते लपलेलं पान शिकून घेतलं. सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं, मग ते उघडतं. माझ्या फोनवर उघडून पाहिलं आणि काही न बदलता बंद केलं. मला येतंय एवढं मला पुरेसं वाटलं.

पुढच्याच महिन्यात भावजय चार दिवसांसाठी माहेरी, मुक्ताईनगरला लग्नाला गेली. भाऊ कामावर असतो, म्हणून आबांजवळ राहायला मी आले. तिनं जाताना मला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, आबा जेवणानंतर पडतात हेही सांगितलं. माझ्याच वडिलांबद्दल मला सांगत होती. मी "हो, हो" करत राहिले.

पहिल्याच दुपारी मी आबांना म्हटलं, "फोन द्या. अक्षरं आणखी मोठी करून देते."

"बरी आहेत की."

"आणखी बरी होतील."

त्यांनी दिला. मी ते पान उघडलं. आकडा होता तिथे आधीचा आकडा पाहिला न पाहिला आणि घाईत सहाशे चाळीस घातला. मोठा आकडा म्हणजे मोठं अक्षर, दुसरं काय असणार? बोट उचललं आणि सगळा पडदा आक्रसला. अक्षरं खसखशीएवढी झाली. मला माझ्या चष्म्यातूनही ती वाचता येईनात.

आबांनी फोन ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, तिरका केला. "बठ्ठं बारीक व्हई गयं," ते म्हणाले. घाबरले की आबा अहिराणीत बोलतात.

मी फोन परत घेतला. लहान आकडा म्हणजे मोठं अक्षर, हे तेव्हा लक्षात आलं. पडद्याची रुंदी जितकी कमी मानायची तितकं त्यावरचं सगळं मोठं दिसतं. पण आधीचा आकडा कोणता? तीनशे तीस? तीनशे साठ? चष्मा पुसून, फोन नाकाला लावून मी अंदाजानं आकडे घालत गेले. अर्ध्या तासानं अक्षरं साधारण पहिल्यासारखी झाली.

"घ्या. झालं."

आबांनी अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आणि कॅमेरा उघडला. बंद करून पुन्हा ठेवला, पुन्हा कॅमेरा. तेव्हा मला कळलं की आकड्यांच्या या खेळात पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे गेली आहेत, आणि आबांना ती कधी दिसत नव्हतीच. ते जागेवरून ओळखत होते. डाव्या कोपऱ्यात फोन, त्याच्या वर मेसेज, उजवीकडे सूनबाईचा फोटो. भावजयीनं प्रत्येकाची जागा ठरवून दिली होती आणि त्यांनी ती अंगठ्यानं पाठ केली होती.

"कुठे काय होतं सांगा, मी लावते," मी म्हटलं.

"राहू दे. आते नको." त्यांनी फोन उशीशेजारी पालथा ठेवला.

दोन दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. "हां, कसं काय? बरंय ना? ... नाही, नाही, सहजच लावला." मग पाऊसपाण्याची, गुडघ्यांची, मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी. आवाज फार गोड होता आणि जरा जास्तच मोठा. दहा मिनिटांनी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"पहूरचा. त्याच्या दुकानाची पाटी केली होती मागे."

त्यांना सुनेला फोन लावायचा होता. लागला भलत्यालाच. त्या माणसाला तसं सांगायची लाज वाटली म्हणून ते दहा मिनिटं मुद्दाम केल्यासारखं बोलले. मी भाजी ढवळत राहिले. भाजी खाली लागली तेव्हा भानावर आले.

भावजय आली त्याच संध्याकाळी तिनं फोन उचलला आणि तिचा चेहरा बदलला.

"अक्का, फोनला काय झालं?"

"अपडेट आलं असेल," मी म्हटलं.

आबा तिथेच बसले होते. त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

तिनं कपाटातून एक शाळकरी वही काढली आणि आकडा शोधू लागली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. प्रत्येक पानावर तारीख, एक आकडा आणि खाली आबांचं बोलणं, जसंच्या तसं. "३८०. बारीक. आणि ओळी एकमेकींच्या अंगावर बसल्यात." "रेझोल्यूशन कमी केलं. अक्षर मोठं झालं नाही, नुसत्या कडा उसवल्या." "३४०. आता ठीक. 'ळ' चं पोट भरलंय पण वाचता येतंय." 'ळ' चं पोट हे आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. कुंचला हातात असताना ते गप्प असायचे. पस्तीस वर्षं जे आमच्यात न बोलता चाललं, ते या मुलीला शब्दांत मिळालं होतं, तारखेवार. खोटं पकडलं जाईल याची भीती त्या क्षणी मला नव्हती. वही हिसकावून घ्यावी असं वाटत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती तेव्हा मी सांगून टाकलं. "अपडेट नव्हतं. मी केलं."

"माहितीये," ती म्हणाली. हात थांबला नाही. "विचारायचं होतं ना मला. एक फोन करायचा."

"तुला काय विचारायचं? माझे वडील आहेत ते."

आता तिचा हात थांबला. "तुमचेच आहेत. पण तुम्ही उद्या गाडीत बसाल. तीन दिवस ते फोनला घाबरून बसले होते, ते परत फोनला हात लावेपर्यंत मला बसायचंय त्यांच्याजवळ." तिचा आवाज चढला होता. ती माझ्याशी अशी कधीच बोलली नव्हती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, ती जरा करपलीच. मग, माझ्याकडे न बघता, "आणि माझं लांबून वाचणं त्यांना पटत नाही. रोज ऐकवतात. अक्काला दिसायचं तसं तुला दिसत नाही म्हणतात. रोज."

ती हे रडवेली होऊन म्हणाली. मला तिची दया यायला हवी होती. आधी आला तो आनंद. चक्क आनंद, जिंकल्याचा. तो ओसरल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि मी तिच्या शेजारी बसून उरलेल्या पिठाचे गोळे करायला घेतले. ती नको म्हणाली नाही.

दुपारी आम्ही दोघी आबांपुढे बसलो. तिनं फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही घाला. तीनशे चाळीस." मी घातला. मग ती वहीतून जागा सांगत गेली आणि मी एकेक चित्र ओढून तिथे नेत गेले. आबांनी अंगठा ठेवून तपासलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा सुनेचा फोन शेजारच्या खोलीत वाजला.

"आते बरं शे," आबा म्हणाले. माझ्या खोट्याबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. डावा डोळाही उतरत गेला. तीनशे चाळीसचं तीनशे तीस झालं, मग तीनशे वीस. एका सकाळी मी शाळेत हजेरीपट लावत होते, तेव्हा भावजयीचा फोन आला. "अक्का, तीनशे वीसच्या खाली तो आकडा घेतच नाही. काहीही घातलं तरी परत तीनशे वीस." मग मी रजेचा अर्ज लिहिला आणि धुळ्याची गाडी पकडली.

फोन बोलून दाखवतो ती सोय आम्ही चालू करून पाहिली. आबांनी दोन दिवस ऐकली आणि बंद करायला लावली. तो आवाज सगळी अक्षरं एकाच उंचीची बोलतो म्हणाले. आता त्यांचे मेसेज भावजय वाचून दाखवते, जेवणानंतर ते आडवे होतात तेव्हा. त्यात माझेही असतात. मी आबांना लिहिलेलं तिच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जातं, आणि ते मला अजूनही खुपतं. कमी झालंय, गेलेलं नाही.

परवा आबांना लिहिलं, की इकडे थंडी पडली, भरताची वांगी आली, रविवारी घेऊन येते. खाली एक ओळ भावजयीसाठी लिहिली. ती तिनं मोठ्यानं वाचली की मनात, मी विचारलेलं नाही.