फुकटच्या डब्या

तिला घरचे सगळे भिंगरी म्हणत. जेवताना तिचा पाय हले, बोलताना हातातलं पेन टकटके. एका जागी बसून तिने एखादं काम पुरं केल्याचं तिच्या आईलाही आठवत नव्हतं. त्यामुळे मुलीने कंपनी काढली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "निदान हे तरी तडीला ने, बाई."

कंपनी बनवायची एक छोटी डबी. औषधांच्या फ्रिजमध्ये ती चिकटवायची. आतला गारवा कमी झाला की मालकाचा फोन वाजणार. डबी भिंगरीच्या डोक्यातून निघाली होती. विकायचं काम तिच्या आतेभावाने, दादाने, भरल्या पगाराची नोकरी सोडून अंगावर घेतलं.

पैसे लावले एका गुंतवणूकदार बाईंनी. त्यांचा हिशेब सरळ होता: आधी पसरा, नफ्याचं मागाहून बघू. म्हणून डबी फुकट, सेवाही फुकट. डबी लावणारी औषधांची दुकानं भराभर वाढली, मोठं ऑफिस झालं, नवी माणसं आली. प्रत्येक डबीमागे पदरचं जात होतं, पण भिंतीवरच्या पडद्यावर आलेख वर चढे आणि सगळे टाळ्या वाजवत.

भिंगरी मात्र टाळ्या सोडून तोट्याचे आकडे चाळत राही. गुंतवणुकीच्या दुसऱ्या फेरीची बैठक तोंडावर आली आणि तिला राहवेना. एका सकाळी कोणाला न सांगता ती दुकानं बघायला निघाली.

पहिल्या दुकानात डबी बिलांवर वजन म्हणून ठेवलेली. दुसरीकडे तिचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातलेले. "फुकट मिळाली म्हणून घेतली हो," दुकानदार हसत म्हणाला, "पण तिच्यापायी फोन फारच कोकलतो!"

मग ती लहान मुलांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्यावरच उखडल्या. "सुट्टीच्या दिवशी फ्रिज बंद पडला, तुमच्या डबीमुळे लशी वाचल्या. पण आता डबीच बिघडली, तर तुमच्याकडे फोन उचलायला माणूस नाही. पैसे घ्या हवे तर, पण माणूस ठेवा!"

भिंगरी तडक ऑफिसात आली. "दादा, आता पैसे मागायचे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? निम्म्याहून जास्त दुकानं पळतील."

"पळू देत. ती आपली नव्हतीच कधी."

"आणि बैठकीत काय सांगणार?"

"जे बघितलं ते."

"तुझं ठीक आहे गं. माझ्या घरी खाणारी तोंडं आहेत."

तिने बैठकीत सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे लॅपटॉप मिटला. "खरं बोललीस, बरं वाटलं. पण मी वाढीवर पैसे लावते."

फेरी बारगळली. दुकानं गळाली. माणसं कमी करावी लागली आणि ते तिने प्रत्येकाला समोर बसवून स्वतः सांगितलं. दादाला सांगायची वेळच आली नाही. त्याने आपली खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, "येतो," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी भिंगरी घरभर येरझारा घालत राहिली.

उरले ते दवाखाने, रक्तपेढ्या, ज्यांचा जीव त्या फ्रिजमध्ये अडकलेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत कंपनी आली. फोन ती स्वतः उचले, बिघडलेली डबी स्वतः बदलून येई. चुकलं का आपलं, हा किडा डोकं पोखरतच होता. त्या खोलीतल्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हिशेबनीस म्हणाला, "या महिन्यात आत आलं ते बाहेर गेलं त्याहून जास्त आहे."

"परत बेरीज करा," ती म्हणाली.

त्याने केली. तेवढंच आलं.

तिने दादाला फोन लावला.

"किती उरले?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

"एवढ्यात आपल्या जुन्या ऑफिसचा चहा तरी भागला असता का गं?" दोघंही हसले.

"परत ये ना, दादा."

"नाही गं. नव्या नोकरीत बस्तान बसलंय." मग तो म्हणाला, "राग नाहीये आता."

तिला अजून काही बोलायचं होतं. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. रक्तपेढीतला फ्रिज तापत होता. "दादा, ठेवते," म्हणत ती पायात चप्पल सरकवून जिना उतरलीसुद्धा.