तुझोबा

माणसाला टोपणनाव पडायला काहीतरी कारण लागतं. तुझोबानं ते स्वतःच्या तोंडानं दिलं. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये फूल दोघांच्या मध्ये आलं की एकानं ओरडायचं असतं, ‘माझं!’ मग दुसरा बाजूला होतो आणि रॅकेटी एकमेकांच्या टाळक्यात बसत नाहीत. साधा नियम. हा पठ्ठ्या मात्र दर वेळी ओरडायचा, ‘तुझं!’ फूल त्याच्या नाकावर येऊन टेकलं तरी ‘तुझं!’ पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर खेकसलो, “अरे, तुझ्या डोक्यावरून चाललंय ते, माझं कसं? मी काय जिराफ आहे?” तो नुसता हसला. थोड्याच दिवसांत सगळा हॉल त्याला तुझोबा म्हणायला लागला. आणि मी दिसेल ते फूल ‘माझं, माझं’ करत अंगावर घ्यायचो, म्हणून मी माझोबा.

धंद्यानं तो काचवाला, मी नळवाला. देवाधर्माशी माझं कधी जमलं नाही. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मी शिरलो तो तुंबलेलं सिंक मोकळं करायला. तिथे हा खिडकीत उभा राहून फुटलेल्या काचेच्या जागी नवी बसवत होता. कुणाच्या तरी हातातून रॅकेट सुटून ती फुटली होती. पाळकसाहेब आत आले आणि म्हणाले, “तुमची कामं झाली असतील तर आम्हाला दोन भिडू कमी पडतायत.” माझे हात काळे, त्याच्या बोटांना पुट्टी. तसेच उतरलो आणि सडकून हरलो. पण शनिवारची दुपार त्या दिवसापासून लागली ती लागलीच.

हॉल म्हणजे काही फार थाटाचा नव्हता. बाकं भिंतीला लावायची, टायरमध्ये सिमेंट ओतून उभे केलेले दोन खांब ओढत आणायचे, मधे जाळी. छत बुटकं. उंच मारलेलं फूल तुळईवर जाऊन बसायचं आणि मग लांब काठी घेऊन आम्ही मोठी माणसं पोरांसारखी उड्या मारायचो.

तुझोबा ‘तुझं’ म्हणायचा, पण पळ नाही काढायचा. हे मला फार उशिरा कळलं. तो दोन पावलं मागे सरायचा आणि तिथेच उभा राहायचा. माझं फूल हुकलं की मागून त्याची रॅकेट यायचीच. माझा निम्मा पराक्रम त्याच्या जिवावर होता, आणि टाळ्या मात्र मी घ्यायचो. त्याला त्याचं काही नव्हतं.

खेळ संपला की तो बाकावर बसायचा, डोळे मिटायचा. मी बुटांच्या नाड्या सोडून चपला घालेपर्यंत त्याची प्रार्थना चालायची. मग दोन शब्द मलाही ऐकवायचा. एकदा म्हणाला, “बघ, या खेळात सर्व्हिस कमरेच्या खालूनच द्यावी लागते. प्रत्येक डावाची सुरुवात खालून. प्रभूलाही शिष्यांचे पाय धुवायला आधी खालीच वाकावं लागलं.” मी म्हटलं, “तुझ्या प्रवचनानं माझा गुडघा बरा होणार असेल तर चालू दे.” तो हसला. त्याला राग यायचाच नाही. त्याच्या वाटणीचाही मलाच आला असावा.

“देवाकडे एवढा वेळ मागतोस तरी काय?” मी एकदा विचारलं.

“मागत नाही काही. जे आहे ते त्याच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, तुझं.”

“तिथेही?”

“तिथेही,” तो म्हणाला.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, दर शनिवारी बाकावर बसून गुण मोजायची. मोजायची कसली, चोरायची. आमच्या बाजूनं बिनदिक्कत लबाडी करायची आणि कुणी हरकत घेतली की म्हणायची, “चर्चमध्ये बसून मी खोटं बोलेन?” हॉल हसून लोळायचा. माझी तिची ओळख तुझोबानं करून दिली ती त्याच्या पद्धतीनं, “ही तुझी वहिनी.” पाळकसाहेबांपुढे ती ‘तुमच्या मंडळीतली बहीण’. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकापुढे ‘ह्या बाई’. एकदा चहा ओतता ओतता ती मला म्हणाली, “भावजी, एवढी वर्षं झाली लग्नाला, ‘माझी बायको’ असं यांच्या तोंडून निघालं असेल तर शपथ. मागणी घालायला आले तेव्हासुद्धा म्हणाले, ‘बघ, तुझी मर्जी.’ मीच म्हटलं, चला, ठरलं एकदाचं! नाहीतर अजून तिथेच उभे असते.”

तुझोबा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा ते सगळं हसण्यावारीच जायचं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले. मग गाठ म्हणाले. मग डॉक्टरनं तुझोबाला बाहेर बोलावलं, आणि डॉक्टर नवऱ्याला बाहेर बोलावतो तेव्हा काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोट उघडलं, पाहिलं, परत शिवलं. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ती घरी आली. दुकानाच्या मागच्या खोलीतच त्यांचा संसार. पलंग खिडकीशी ओढला. तुझोबानं त्या खिडकीची काच काढून नवी बसवली, का तर जुनीला बारीक लहर होती आणि बाहेरचं झाड वाकडं दिसायचं. तेवढं तो करू शकत होता, तेवढं त्यानं केलं. तिला भरवायचा, तिचे पाय चेपायचा, चादर बदलायचा. कुणी विचारलं तर एकच उत्तर, “त्याची इच्छा.”

माझ्या मस्तकात तिडीक जायची. त्याची इच्छा म्हणे! नळ गळायला लागला तर आपण त्याची इच्छा म्हणून बादली लावून बसतो का?

एका दुपारी मी पेज घेऊन गेलो. घरून आमच्या हिनं पाठवली होती. तुझोबा पुढे दुकानात काच कापत होता. वहिनीनं दोन चमचे घेतले आणि हात आडवा केला.

“भावजी, एक काम कराल?”

“सांगा की.”

“यांना एकदा मागायला लावा.”

मला कळलं नाही.

“देवाकडे हो. मी मरणार ते मला कळतंय, मी काही खुळी नाही. मागितलं म्हणून मी उठून गुण मोजायला येईन असंही नाही. पण मला इथून नेतायत आणि कुणी साधी हरकतही घेत नाही.” ती दमली. जरा थांबून म्हणाली, “तुम्ही भांडता बघा लाइनीवरनं, फूल आत की बाहेर? तेवढं तरी. माझ्यासाठी एकदा तरी यांनी भांडावं. मला ऐकू येईल असं.”

मी दारातून पुढे आलो तो तापलेलाच. तुझोबा टेबलावर वाकला होता. हातातली काच कापायची हिरकणी सरळ चालली होती, चर्रर्र.

“ठेव ते खाली,” मी म्हटलं. “रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तू एकदा तरी रडलास का? तुझ्या त्या देवाकडे बायको मागितलीस का?”

त्यानं रेघ पुरी केली. मग हिरकणी बाजूला ठेवली. “मागायचं नसतं असं.”

“का नसतं? तुझ्याच प्रभूनं मागितलं होतं. मला येत नाही असं समजू नकोस, दर शनिवारी तुझं ऐकतोय. पकडायच्या आदल्या रात्री बागेत गुडघ्यावर बसून तो काय म्हणाला? हे टाळता आलं तर टाळ, असंच ना? आधी ते म्हणाला, मग ‘तुझी इच्छा’. तू पहिलं वाक्यच गाळलंस, शहाण्या!”

मला वाटलं, जिंकलो. असा पॉइंट मी आयुष्यात मारला नव्हता.

तो पुन्हा काचेवर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, “त्यानं मागितलं होतं. मिळालं का?”

मी हातातलं पेजेचं भांडं टेबलावर ठेवलं.

“न मागता ती गेली तर त्याची इच्छा म्हणता येईल,” तो म्हणाला. “मागून गेली तर काय म्हणू? मग मी त्याच्याशी बोलू कसा? बायको जाईल ती जाईलच. तोही जाईल. मग माझ्याजवळ राहील काय?” त्यानं काच टेबलाच्या कडेला धरून दाबली. कट्कन दोन तुकडे झाले. “तिला सांगू नकोस हे.”

मी आत गेलो. ती दाराकडेच बघत होती. भिंत म्हणजे काय, पातळ फळी. तिनं सगळं ऐकलं होतं. “जाऊ द्या भावजी,” ती म्हणाली. “घाबरतात ते. आधीपासूनच भित्रे आहेत.” आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी वाट बघत होतो. वाटायचं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. शेवटचे दिवस तो तिचा हात हातात घेऊन बसायचा. ओठ गच्च मिटलेले. तिचे डोळे त्या ओठांवर. मी हे बघितलंय. अशा वेळी परक्यानं काय करावं? मी मोरीतला नळ, जो गळत नव्हता, तो उघडून पुन्हा बसवला.

ती सकाळी गेली, उजाडता उजाडता. तुझोबा डोळे मिटून बसला होता. उघडले तेव्हा ती नव्हती.

दफनाला सगळा हॉल आला. ज्यांच्याविरुद्ध तिनं गुण चोरले ते सगळे. पेटी खाली सोडली. पाळकसाहेब भला माणूस, वाईट शब्द त्यांच्या तोंडून जायचा नाही. त्यांनी हात वर केला आणि प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. “हे प्रभू,” ते म्हणाले, “ही तुझी आहे. तुझ्या हाती आम्ही हिला...”

“माझी!”

आवाज ओळखू आला नाही. पाळकसाहेब थांबले. मी मान वर केली. तुझोबा खड्ड्याच्या कडेला उभा होता, उजवा हात खांद्याच्या वर गेलेला, जसा फुलाखाली जातो तसा.

“माझी आहे ती! माझी!”

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डबल्सचा नियम साधा आहे हो: एकानं ‘माझं’ म्हटलं की दुसऱ्यानं हटायचं. तो हात तसाच वर धरून उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो. मीसुद्धा, मी, ज्याचा कशावर विश्वास नाही, मीसुद्धा वाट बघितली. कुणी हटलं नाही. मग पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि उरलेली प्रार्थना पुरी केली, कारण ती पुरी करावीच लागते. माती पडायला लागली. मी जाऊन त्याच्या मागे दोन पावलांवर उभा राहिलो. दुसरं काही सुचलं नाही.

“ऐकलं असेल का रे तिनं?” परत येताना त्यानं मला विचारलं.

खोटं बोलायला माझी जीभ कधी अडखळत नाही. त्या दिवशी अडखळली.

तो पुन्हा हॉलमध्ये येईल असं वाटलं नव्हतं, पण येतो. घरी बसून करणार काय? बाकं लावतो, खांब ओढतो, खेळतो. गुण आता पाटीवर लिहितात, चोख. फक्त तो ओरडत नाही. परवा फूल आमच्या बरोबर मधे आलं. मी सवयीनं थांबलो, ‘तुझं’ ऐकायला. त्यानं ‘तुझं’ म्हटलं नाही, ‘माझं’ही म्हटलं नाही. दोघंही बघत राहिलो आणि ते दोघांच्या मध्ये पडलं. समोरचे ‘वा’ म्हणायला गेले आणि गप्प बसले.

खेळ संपल्यावर तो बाकावर बसला नाही. आताशा बसतच नाही. रॅकेट पिशवीत घालून सरळ बाहेर जातो. मी चपला चढवल्या आणि उठणार, तर त्याची जागा रिकामी दिसली. मी जाऊन बसलो. डोळे मिटले. मला यातलं काही येत नाही. काय म्हणतात, कुठून सुरू करतात, ठाऊक नाही. मला आपलं कोर्टवरचं येतं. मी मनातल्या मनात, पण जीव तोडून ओरडलो, “तुझा! अरे, तुझा आहे हा, तुझा! बघतोयस काय? घे की!”

थोडा वेळ बसलो. तुळईवर अडकलेलं एक जुनं फूल तसंच होतं. पाळकसाहेब दिवे मालवायला लागले.

बाहेर तुझोबा माझ्यासाठी थांबला होता.

“एवढा वेळ काय करत होतास आत?”

“काही नाही,” मी म्हटलं. “बुटाच्या नाड्या बांधत होतो.”

तो नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला. पायात चपला होत्या.